हलणाऱ्या कमोडचे दुखणे

कमोड जरासा हलू लागला, त्याच्या बुडाशी ओल दिसू लागली, की पहिला उपाय ठरलेला असतो : पांढरा सिमेंट. मिस्त्री येतो, कडेने सिमेंट लिंपतो आणि पैसे घेऊन जातो. थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तोच वास. खरा दोष बहुधा खाली, न दिसणाऱ्या जागी असतो. कमोडचे तोंड जमिनीतल्या ४ इंची पाइपाला जोडणारी गोल कडी, म्हणजे फ्लँज, तडकलेली असते किंवा तिचे स्क्रू गंजून तुटलेले असतात. घरात आजी-आजोबा असतील तर हे दुखणे लांबवू नका. ते कमोडच्या कडेवर हात टेकूनच उठतात.

मात्र वास आला म्हणजे फ्लँज गेलीच, असेही नाही. झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि नेमक्या त्याच सुट्टीत इथली मराठी कुटुंबे नातलगांकडे जातात. घर महिनाभर बंद राहिले की कमोडच्या वळणात साठलेले पाणी आटते आणि गटारातला वायू थेट घरात शिरतो. अशा वेळी बादलीभर पाणी ओता. वास गेला तर खर्च वाचला! पाणी ओतल्यावर ते वर चढत असेल तर तुंबा पुढे, पाइपात किंवा सेप्टिक टाकीत आहे. तिथे उपसा करणारी गाडीच बोलवा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ओल कुठली, हे कळायला भांड्यात खायचा रंग टाकून फ्लश करा. बुडाशी रंगीत पाणी आले तर सांधा गळतो आहे; स्वच्छ पाणी आले तर टाकी किंवा तिची नळी तपासा. आणि हो, कमोडचा पाइप भिंतीत जात असेल तर जमिनीत फ्लँज नसते. तिथे रबरी कनेक्टर बदलावा लागतो.

कामाच्या दिवशी रबरी हातमोजे घाला. अँगल कॉक बंद करून फ्लश ओढा, उरलेले पाणी फडक्याने टिपून घ्या, नळी सोडवा. जुना सिमेंट बारीक छिन्नीने हळूहळू काढा. घाई केली तर भांडेच तडकते. नट सोडवून कमोड दोघांनी सरळ वर उचला. पाइपाच्या तोंडात लगेच जुन्या कापडाचा बोळा घाला, म्हणजे वासही थांबेल आणि खडे आत पडणार नाहीत.

फ्लँज फरशीच्या वर टेकलेली हवी. खंडेराव दरवाजा, ओरछा दरवाजा या भागांतल्या जुन्या घरांसारख्या घरांत पहिल्या फरशीवर दुसरी बसवलेली असेल तर फ्लँज खाली राहते आणि सांधा कितीही दाबला तरी गळतो. तेव्हा उंची वाढवणारी कडी मागून घ्या. पीव्हीसीला पीव्हीसी जोडायला सॉल्व्हंट सिमेंट वापरा आणि ते डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या. स्क्रू न गंजणारे घ्या. रबरी किंवा मेणाचे वायसर जुने पुन्हा घालू नका. तेवढ्या बचतीसाठी सगळे काम परत करावे लागते.

बोळा काढायला विसरू नका! मग कमोड सरळ खाली बसवा, फिरवू नका. दोन्ही नट आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. चार-पाच वेळा फ्लश करून बूड कोरडे आहे ना, ते पाहा. त्यानंतर कडेला पांढरा सिमेंट लावायला हरकत नाही, पण मागच्या बाजूला दोन बोटे जागा मोकळी सोडा. पुढे कधी गळती झालीच तर पाणी तिथून बाहेर येईल आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताआधी तुम्हाला दिसेल.