तळ उठल्यावर

अंबरनाथच्या शिवमंदिरापासून थोड्याच अंतरावर उल्हासनगरची हद्द लागते आणि पत्ते बदलतात : कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेली कल्याणची छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वाट्याला आली. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. बराकींत संसार मांडलेल्या माणसांनी पापडापासून फर्निचरपर्यंतचा बाजार उभा केला. तळ उठल्यावर तिथे काय उरते, हा प्रश्न त्यामुळे या परिसराला नवा नाही.

अफगाणिस्तानातून परतलेल्या काही अमेरिकी सैनिकांनी तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवू पाहिला. किम्बर्ली जंग, कीथ अलानिझ आणि एमिली मिलर या माजी लष्करी अधिकाऱ्यांनी २०१४ च्या सुमारास ‘रुमी स्पाइस’ ही कंपनी काढली. अलानिझ यांना तिथल्या नेमणुकीत एक शेतकरी भेटला होता. त्याच्याकडे उत्तम केशर होते, पण परदेशी गिऱ्हाईक नव्हते.

केशराचे अर्थकारण समजले की ही अडचण किती मोठी होती ते कळते. फुले शरद ऋतूत जेमतेम काही आठवडे येतात आणि ती पहाटेच खुडावी लागतात. प्रत्येक फुलातून तीनच तंतू निघतात. किलोभर केशराला साधारण दीड लाख फुले लागतात. तंतू वेगळे करण्याचे किचकट काम बहुतांशी बायका करतात. एवढे कष्ट करूनही, वाळवण, प्रतवारी, तपासणी आणि निर्यातीची कागदपत्रे ज्याच्या हाती, नफा त्याच्याकडे जातो. कंपनीने मधले दलाल टाळून थेट खरेदी केली आणि माल अमेरिकेतल्या उपाहारगृहांपर्यंत नेला. २०१७ मध्ये ‘शार्क टँक’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गुंतवणूकदार मार्क क्यूबन यांनी पंधरा टक्के हिश्श्यासाठी अडीच लाख डॉलर देऊ केले.

ही कहाणी ऐकायला चांगली वाटते, आणि सावध राहायचे ते इथेच. सैनिकाची गोष्ट पाकिटावर छापली की ग्राहक चार पैसे जास्त मोजतो. त्यातले किती शेतकऱ्याला पोचले, हे पाकीट सांगत नाही. शिवाय २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूलची सत्ता पालटली आणि परदेशातून पैसे पाठवण्याचे बँकांचे मार्गच आक्रसले. एकाच परदेशी गिऱ्हाइकावर विसंबणे किती जोखमीचे, हे अशा वेळी कळते. म्हणून अशा उपक्रमाचे मोल ठरवायची कसोटी एकच : उद्या हा खरेदीदार निघून गेला, तर वाळवण्याचे तंत्र, प्रतवारीची नजर आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भाव ठरवण्याची ताकद शेतकऱ्याकडे उरते का?

महाराष्ट्राने ही कसोटी स्वतःला लावून पाहावी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली, नांदेडमध्ये हळदीचे मोठे क्षेत्र आहे. शेतकरी हळद काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि सौद्याला नेतो. भुकटी होऊन ती पाकिटात जाते, तिथून पुढचा वाटा बहुधा दुसऱ्याचा असतो. दुसरीकडे साताऱ्या-कोल्हापूरकडचे जवान ऐन उमेदीत निवृत्त होतात आणि त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला पहारेकऱ्याचा गणवेश येतो. सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान सेवेत राहणार असल्याने असे तरुण वाढतच जातील. साठ्याचा हिशेब, वाहतुकीची आखणी आणि वेळेचा काटेकोरपणा ही त्यांची जमेची बाजू. शेतकरी उत्पादक कंपन्यांना नेमकी अशीच माणसे हवी असतात.

मात्र फौजेतून आला म्हणजे व्यापारी झाला, असे होत नाही. खेळते भांडवल, प्रयोगशाळेचा दाखला आणि बाजाराचे शिक्षण यांची सोय सैनिक कल्याण आणि कृषी या दोन्ही खात्यांनी मिळून करायला हवी. त्यातही मालकी शेतकऱ्याची आणि व्यवस्थापन सैनिकाचे, ही विभागणी आधीच स्पष्ट असावी.

उल्हासनगरच्या बाजारात आज छावणीची किंवा फाळणीची गोष्ट सांगून कुणी पापड विकत नाही. गिऱ्हाईक चव घेते, भाव विचारते आणि पटले तर पुन्हा येते.