दोन तबकड्यांची साक्ष



गाणे ही केवळ करमणुकीची वस्तू आहे असे मानणारे लोक आपल्यात आजही पुष्कळ आहेत. परंतु ज्या समाजाला न्यायाचे दार शतकानुशतके बंद होते, ज्याची तक्रार कोणत्याही दप्तरात नोंदली जात नव्हती, त्या समाजाची साक्ष बहुधा त्याच्या गाण्यातच नोंदली गेलेली असते. साक्ष म्हटली की ती तपासणे आले, आणि एकाच काळाच्या दोन साक्षी असतील तर त्या शेजारी ठेवून तपासणे आले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतातील अशा दोन तबकड्या आज मी आपणापुढे ठेवीत आहे.

दोन्ही १९७१ सालच्या आहेत. पहिली मार्विन गे यांची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. ती २१ मे रोजी निघाली. दुसरी ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या वाद्यवृंदाची ‘देअर्स अ रायट गोइंग ऑन’. ती त्याच वर्षी नोव्हेंबरात निघाली. पहिलीचे नाव विचारते, हे चालले आहे तरी काय? दुसरीचे नाव सांगते, दंगल चालली आहे. हे नाव म्हणजे पहिल्या प्रश्नाला दिलेले उत्तरच होय, असा अर्थ पुष्कळांनी लावला आहे.

या लोकांच्या लढ्याशी आपले नाते नवे नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे जाणाऱ्या त्यांच्या अर्जाची चौकशी केली होती. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले. तेव्हा या गाण्यांकडे परक्यांची गाणी म्हणून पाहण्याचे आपणास कारण नाही.

प्रथम काळ लक्षात घ्यावा. अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, १९६५ साली मतदानाच्या हक्काचा झाला. कागदावर न्याय मिळाला. परंतु १९६७ च्या जुलैत डेट्रॉइट शहर पेटले व त्यात ४३ माणसे मेली. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. व्हिएतनामचे युद्ध तर चालूच होते. कायदा झाला आणि जीवन बदलले नाही, या दोहोंमधील अंतरातच या दोन्ही तबकड्या जन्मास आल्या.

मार्विन गे हे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे लोकप्रिय प्रेमगीत-गायक. त्यांच्या सहगायिका टॅमी टेरेल १९७० च्या मार्चमध्ये तरुणपणीच वारल्या. भाऊ व्हिएतनामहून परतला होता आणि त्याने पाहिलेले ऐकून गे अस्वस्थ होते. त्याच सुमारास ‘फोर टॉप्स’ मंडळातील रेनाल्डो बेन्सन यांनी एक गीत त्यांच्याकडे आणले. १९६९ साली बर्कले येथे तरुणांवर झालेला पोलिसांचा अत्याचार पाहून ते सुचले होते. कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यांना असा विषय धोक्याचा वाटला. गे यांनी आग्रह सोडला नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते एकच गाणे बाहेर पडले, लोकांनी ते उचलून धरले, आणि मग संपूर्ण तबकडीला संमती मिळाली.

या तबकडीत नऊ गाणी आहेत व ती एकमेकांत मिसळत जातात. परतलेला सैनिक आपल्या वस्तीत येतो आणि पाहतो : बेकारी, नशा, उघड्यावर पडलेली मुले, विषारी झालेले हवा-पाणी, आणि चंद्रावर याने पाठविणाऱ्या देशात कराच्या ओझ्याखाली दबलेला गरीब. एवढे सगळे सांगताना आवाज मात्र चढत नाही. गे यांनी स्वतःच्याच आवाजाचे अनेक थर एकावर एक चढविले आहेत. त्यामुळे एकच माणूस अनेकांच्या वतीने बोलत आहे असे वाटते. वकिलाच्या भाषेत सांगावयाचे तर हा एक अर्ज आहे : नम्र, मुद्देसूद, आणि म्हणूनच नाकारण्यास अवघड.

आता दुसरी तबकडी पाहा. सिल्व्हेस्टर स्ट्यूअर्ट ऊर्फ स्लाय स्टोन यांनी १९६६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात जो वाद्यवृंद उभारला, तो त्या देशात अपूर्व होता. त्यात काळे होते, गोरे होते. आणि स्त्रिया केवळ मागे उभ्या राहून सूर धरणाऱ्या नव्हत्या, वाजविणाऱ्याही होत्या. सिंथिया रॉबिन्सन ट्रंपेट वाजवीत, बहीण रोज पियानो वाजवीत. १९६९ सालच्या त्यांच्या गाण्यांत सारे लोक एक आहेत हा उल्हास ओसंडत होता. वुडस्टॉकच्या अफाट समुदायाने तो अनुभवला.

दोनच वर्षांत तो उल्हास आटला. ढोल वाजविणारे ग्रेग एरिको मंडळ सोडून गेले आणि पुष्कळ ठिकाणी त्यांची जागा तालयंत्राने घेतली. स्लाय व्यसनात बुडत होते व बहुतेक वाद्ये एकटेच वाजवून एकाच फितीवर थरांवर थर चढवीत होते; त्यामुळे आवाज धुरकटला. ‘फॅमिली अफेअर’, म्हणजे घरची बाब, या नावाचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. परंतु त्या गाण्यात रोजखेरीज मंडळातील जुने सोबती जवळजवळ नाहीतच. पूर्वी जलद व आनंदी लयीत लोकप्रिय झालेले स्वतःचेच एक गाणे या तबकडीच्या शेवटी संथ, जड पावलांनी पुन्हा येते. मुखपृष्ठावर अमेरिकेचा ध्वज आहे. त्यातील निळ्याच्या जागी काळा रंग आहे आणि ताऱ्यांच्या जागी सूर्य. आणि ज्या गाण्याचे नाव तबकडीला दिले आहे त्याची लांबी शून्य मिनिटे शून्य सेकंद छापली आहे! दंगली असूच नयेत असे वाटले म्हणून, असा खुलासा स्लाय यांनी पुढे केला.

यांतील थोर कोणती? आपल्यातील वडीलधारे म्हणतील, पहिली. कारण ती प्रेमाने बोलते. तरुण म्हणतील, दुसरी. कारण ती भाबडी नाही. माझे मत पहिलीच्या बाजूचे आहे, परंतु कारण वेगळे आहे. पहिली आशावादी आहे असे म्हणणे खरे नव्हे. तिचे शेवटचे गाणे शहरातील गरिबाच्या घुसमटीवरच थांबते, कोणताही तोडगा देत नाही. तिचे श्रेष्ठत्व ती कशी घडली यात आहे. मोटाउनची अगणित गाणी ज्यांनी वाजविली ते ‘फंक ब्रदर्स’ वादक वर्षानुवर्षे निनावी होते. या तबकडीवर त्यांची नावे छापली गेली. बास गिटार वाजविणारे जेम्स जेमर्सन कोण हे खरेदीदाराला तेव्हा कळले. लोकांच्या दुःखाविषयी गाणारी तबकडी आपल्याच घरातील कष्टकऱ्याला नाव देते, हा मला तिचा सर्वांत मोठा सद्गुण वाटतो. एकट्याने गाणाऱ्या गायकाने येथे दार उघडले. आणि ज्याचे घर सर्वांना उघडे होते त्याने दुसऱ्या तबकडीत ते लावून घेतले.

तथापि दुसरीला फेकून देणाऱ्यांस माझा स्पष्ट विरोध आहे. गोड अर्जाची स्तुती करणे सोपे असते. २०२० साली ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने पाचशे श्रेष्ठ तबकड्यांच्या यादीत गे यांची तबकडी पहिली ठरविली. अर्जाला असे मानपत्र मिळाले, पण त्यातील प्रश्नांची उत्तरे मिळाली काय? प्रश्न अनुत्तरित राहिला की माणसाचे, मैत्रीचे, मंडळाचे काय होते, याचा पुरावा दुसरी तबकडी आहे. बंधुता तुटली हे ती लपवीत नाही. तिचा धुरकट आवाजच ते सांगतो. असा पुरावा नोंदीतून काढून टाकणे हा न्याय नव्हे.

म्हणून माझी विनंती अशी. या दोन्ही तबकड्या घरात मुलांसह, त्याच क्रमाने ऐका. आज त्या मिळविणे कठीण नाही. आणि त्यानंतर आपल्या वस्तीतील गायनमंडळाकडे पाहा. जयंतीच्या पत्रकावर गायकाचे नाव ठळक असते; ढोलकी, पेटी, झांज वाजविणारे आणि मागे सूर धरणाऱ्या भगिनी यांची नावे तेथे असतात काय? गाणी मुद्रित करून लोकांपर्यंत पाठविताना ती लिहिली जातात काय? समतेचे गाणे गाणाऱ्या मंडळातच जर काही माणसे निनावी राहत असतील, तर ते गाणे अजून अपुरे आहे. पुढील कार्यक्रमाचे पत्रक छापावयास देण्यापूर्वी ती सर्व नावे त्यात घाला. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.