गाळलेला नंबर

नंबर म्हटला की तो सलगच असला पाहिजे, ही आपली जुनी समजूत. मध्ये एखादा आकडा दिसला नाही, की लगेच कोणीतरी काहीतरी लांबवल्याचा संशय!

गोंदियाजवळच्या नागऱ्याला लोक जातात ते महादेवाच्या प्राचीन देवळासाठी. आमच्या मामाजींची तिथे धानाची बांधी आहे. गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, पाहून ते तणतणत आले. "42 नंबरची नोंद नामंजूर झाली ना? मग तो नंबर मोकळाच आहे. मला 43 कशाला दिला?"

मी म्हटले, "मामाजी, सातबाऱ्यावर तुमच्या नावाशी फेरफाराचा नंबर लिहितात. उद्या कोणी तो घेऊन वही उघडली आणि आत दुसऱ्याचीच नामंजूर नोंद निघाली, तर बांधी कोणाची?" मामाजींना ते पटले; निदान ते गप्प तरी बसले.

वाचकहो, संगणकाच्या कोष्टकात प्रत्येक नव्या ओळीला आपोआप चढता नंबर मिळतो, त्याचाही न्याय हाच. दोन खिडक्यांवर दोन कारकून एकदम नोंद करीत आहेत असे समजा. एकाने 41 घेतला, दुसऱ्याने 42. पहिल्याचे गिऱ्हाईक ऐनवेळी उठून गेले. 41 वाया जाऊ द्यायचा नसेल, तर पहिल्याचे काम पुरे होईपर्यंत दुसऱ्याला हात बांधून बसावे लागेल. म्हणून पोस्टग्रेससारखी व्यवस्था एकदा दिलेला नंबर परत घेत नाही. भोक पडले तर पडू दे!

मायएसक्यूएलच्या नेहमीच्या इनोडीबी कोष्टकात मात्र मोठी खोड होती. पुढचा नंबर कोणता, हे ते नुसते तोंडपाठ ठेवी. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, की कोष्टकातला सर्वांत मोठा आकडा पाहून त्याच्या पुढून मोजायला लागे. शेवटच्या ओळी मधल्या काळात पुसल्या असतील, तर त्यांचेच नंबर नव्यांच्या गळ्यात! 2018 साली आलेल्या 8.0 आवृत्तीत हा आकडा टिपून ठेवण्याची सोय झाली. इतका उशीर का लागावा, हे मला कोडेच आहे.

नंबर संपतातही बरे का. नेहमीच्या पूर्णांकाच्या रकान्यात 2,14,74,83,647 च्या पुढे जागाच नसते. बेसकँप या अमेरिकन कंपनीचा एक रकाना नोव्हेंबर 2018 मध्ये असा काठोकाठ भरला आणि ग्राहकांना काही तास नुसते वाचता येई, लिहिता येईना. रकाना पहिल्यापासून मोठा घेतला की ही पाळी येत नाही.

दुकानाच्या बिलांची गोष्ट वेगळी. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलांचे क्रमांक ओळीने लागतात आणि मधला एक गायब असला की हिशेबतपासनीस भुवई उंचावतो. तेथे हा आपोआपचा नंबर वापरूच नये. बिल पक्के झाल्यावरच त्याला क्रमांक द्यावा, तोही निराळ्या रकान्यात; आणि रद्द झालेले बिल 'रद्द' असा शिक्का मारून तिथेच ठेवावे.