आधी सापडण्याची तयारी

अलीकडे अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरताना दिसतो. मावशीला लग्नाआधी मूल झालं होतं, पुण्यात किंवा मुंबईत; जन्मल्याबरोबर ते संस्थेत दिलं; अमेरिकेत दत्तक आलं असं कानावर आहे; कृपया पुढे पाठवा. खाली मावशीचं माहेरचं नाव, गाव, जात, दवाखाना. एकदा तर तिचा तरुणपणीचा फोटोसुद्धा होता. पाठवणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. आईची पिढी थकते, कुणीतरी जाता जाता बोलून जातं आणि आपलं एक भावंड याच देशात कुठेतरी असेल या विचाराने झोप लागत नाही. तरीही हा मजकूर आपण पुढे पाठवू नये आणि मंडळाने तो आपल्या गटांवर थांबवावा, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना आपलं माणूस हवं आहे त्यांनी स्वतः सापडण्याची तयारी करावी. भेटायचं की नाही, हे दत्तक गेलेल्या माणसाने ठरवावं.

यामागे आपल्याच मातीतला इतिहास आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते ज्या विधवांपुढे जीव देणं किंवा बाळाचा जीव घेणं एवढेच मार्ग उरले होते त्यांच्यासाठी. पंढरपूरचं बालकाश्रम 1875चं. अशा ठिकाणी बाई येत असे ती कुणाला कळणार नाही या भरवशावर. पुढे शंभर वर्षांनीही प्रसूतिगृहांतून आणि संस्थांतून हेच चालत राहिलं. विधवांच्या जागी अविवाहित मुली आल्या. खोटं नाव सांगायचं, लांबच्या शहरात बाळंत व्हायचं, कोरड्या डोळ्यांनी घरी परतायचं आणि वर्षभरात बोहल्यावर उभं राहायचं. त्यांतल्या कितीतरी आज सत्तरीत आहेत, नातवंडांत आहेत. नवऱ्याला ठाऊक नाही, मुलांना ठाऊक नाही. ज्या शब्दावर विसंबून त्या आयुष्यभर जगल्या, तो आपल्या हौशी शोधमोहिमेने मोडायचा अधिकार भाच्याला किंवा पुतणीला कुणी दिला?

याला एक गंभीर उत्तर आहे, ते टाळून चालणार नाही. प्रत्येक आईने खरंच संमती दिली होती का? झुरिक आणि थुर्गाऊ या स्विस कँटनांनी भारतातून आलेल्या मुलांबद्दल करवून घेतलेला अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या फायलींत जन्मदात्या पालकांच्या संमतीचा कागद सापडला नाही. परदेशी जोडप्यांना त्या काळी हिंदू दत्तक कायदा लागू होत नव्हता. 1890च्या पालकत्व कायद्याखाली न्यायालयातून मुलाचं पालकत्व मिळवायचं, मूल परदेशी न्यायचं आणि तिथे दत्तकविधान करायचं, अशी रीत होती. तिच्यातल्या गैरप्रकारांबद्दल एका वकिलाने लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं आणि 1984 साली न्यायमूर्ती भगवतींनी लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले. म्हणून कुठलीही संस्था आईच्या गोपनीयतेचं नाव पुढे करून स्वतःच्या फायली झाकू लागली, तर मी दत्तक गेलेल्याच्या बाजूने उभी राहीन. पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेल्या एका माणसाला आपली फाइल पाहण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागलं, हे लाजिरवाणं आहे. पण संस्थेने उत्तर देणं वेगळं आणि सत्तरीतल्या बाईचं नाव चारशे अनोळखी फोनांवर जाणं वेगळं. पहिल्यासाठी दुसऱ्याची गरज नाही.

आजचा भारतीय नियम स्पष्ट आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, 2022च्या दत्तक नियमावलीप्रमाणे मुळांचा शोध दत्तक गेलेली व्यक्तीच मागू शकते; अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः, त्याआधी दत्तक आईवडिलांसह. तिऱ्हाइताला शोध घेता येत नाही आणि जन्मदात्या पालकांच्या खासगीपणाला धक्का लावता येत नाही. नातेवाइकांनी अर्ज करावा असा मार्गच नाही, ही अनेक कुटुंबांची तक्रार. ती मला निम्मी पटते. शोधायचा अधिकार नातेवाइकांना नसावा, हे योग्यच आहे. पण 'आम्ही इथे आहोत, तुला वाटलं तर ये' एवढा निरोप ठेवायला सरकारी जागा नाही, हा दोष आहे.

इंग्लंडने ही जागा 1991 साली केली. तिथल्या नोंदवहीत दत्तक गेलेल्यांचा एक भाग आणि नातेवाइकांचा दुसरा. दोन्हीकडची नोंद जुळली तर नातेवाइकाचा पत्ता दत्तक गेलेल्याला मिळतो. त्याचा पत्ता नातेवाइकाला मिळत नाही. संपर्क नको असेल तर तसंही नोंदवता येतं. आयर्लंडमध्ये तर अविवाहित आयांची मुलं काढून घेण्याचा इतिहास फार क्रूर आहे. तिथेही 2022च्या कायद्याने अशी नोंदवही आली. भारतात अशी नोंदवही व्हावी ही मागणी परदेशातल्या मराठी मंडळांनी एकत्रितपणे 'कारा'कडे लावून धरली पाहिजे, कारण या प्रश्नाची दोन्ही टोकं आपल्याला दिसतात. इथे वाढलेली मुलं आपल्या गणेशोत्सवात येतात, आणि तिथली कुटुंबं आपल्या नात्यातली असतात.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. आई हयात असेल तर पहिला प्रश्न तिलाच, एकांतात, आणि ती नको म्हणाली तर तिथेच थांबायचं. मावशी गेली असेल तर तिच्या खाजगी गोष्टीचे राखणदार आपण आहोत असं मी मानते. ज्या संस्थेतून मूल गेलं ती माहीत असेल तर तिच्याकडे बंद पाकिटात पत्र द्यावं आणि फाइलला जोडण्याची लेखी विनंती करावी. पत्रात घरातले आजार लिहावेत: मधुमेह, थॅलेसेमिया, लहान वयातला हृदयविकार. दवाखान्यात घरचा वैद्यकीय इतिहास विचारला की दत्तक गेलेल्या माणसाला कायम 'माहीत नाही' असं लिहावं लागतं. ते रिकामं घर भरलं तरी पत्राचं मोठं काम झालं, मग भेट होवो न होवो.

डीएनए चाचणीही करावी. ती स्वतःची असते, त्यात मावशीचं नाव जाहीर होत नाही. मात्र निकाल वाचताना घाई नको. सख्ख्या मावस-चुलत भावंडांत साधारण साडेबारा टक्के जनुकीय वाटा सामायिक असतो, हा हिशोब लोक इंटरनेटवरून उचलतात. आपल्याकडे जातीतच लग्नं, त्यात मामेबहिणीशी लग्न करायची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. त्यामुळे लांबचं नातंही जवळचं दिसू शकतं. एवढ्या आकड्यावरून कुणाला 'तू माझ्या मावशीचा मुलगा' असं कळवणं म्हणजे त्याच्या आयुष्याशी खेळणं आहे. आणि जुळणी दिसली तरी पहिला निरोप दोन ओळींचा असावा, मागणी नसलेला. तो माणूस कदाचित उत्तर देणार नाही, कधीच नाही. त्याला आई आहे, वडील आहेत. आपण त्याच्या आयुष्यातली पोकळी आहोत असं आपणच ठरवू नये.

शोध दुसऱ्या बाजूने, दत्तक गेलेल्याकडून सुरू झाला, की मात्र मंडळाने हात राखू नये. त्याच्याकडे असतो एक जुना भारतीय पासपोर्ट, त्यावर संस्थेतल्या बाईंनी ठेवलेलं नाव. न्यायालयातले पालकत्वाचे कागद कुठल्या कोर्टात असतील, मराठीत लिहिलेल्या नोंदीचा अर्थ काय, तालुक्याच्या गावी गेल्यावर दारात उभं राहून काय बोलायचं आणि काय मुळीच बोलायचं नाही, हे सांगणारी माणसं त्याला हवी असतात. विशेषतः बायका हव्यात, कारण पलीकडे बहुधा बाईच असते आणि तिच्याशी स्वयंपाकघरात बसून बोलावं लागतं.

येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे: दत्तक गेलेल्यांच्या शोधाचे नावानिशी मजकूर गटांवर टाकायला मनाई, आणि कागद वाचून देणाऱ्या, सोबत जाणाऱ्या स्वयंसेवकांची यादी. यादीत पहिलं नाव माझं घाला. ज्यांच्या घरात असं दत्तक गेलेलं मूल आहे त्यांचा ठरावाला विरोध असेल, तर त्यांनी सभेआधी मला फोन करावा. त्यांचं म्हणणं ऐकूनच मसुदा पक्का करेन.