बँकेचा मालक कोण?

मुलांनो, दुकानाचा मालक गल्ल्यावर बसलेला असतो. तो तुम्हांला दिसतो. पण सहकारी बँकेचा मालक कोण, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का?

डोंबिवलीत १९७० साली डोंबिवली नागरी सहकारी बँक स्थापन झाली. अशा बँकेचे भाग विकत घेणारे लोक तिचे सभासद होतात आणि तेच तिचे मालक. कोणाजवळ दहा भाग असोत की हजार, मत प्रत्येकाला एकच. खासगी कंपनीत मात्र साधारणपणे जितके भाग, तितकी मते.

सभासद संचालक मंडळ निवडतात. मंडळ मुख्य अधिकारी नेमते. त्याच्या हाताखाली शाखांचे व्यवस्थापक, त्यांच्या हाताखाली कारकून आणि शिपाई. (कारकून, शिपाई, हिशेब, दप्तर हे शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आले. उर्दूमुळे ते तुम्हांला ओळखीचे वाटतील. मराठीतले दप्तर मात्र आता तुमच्या पाठीवर असते!) म्हणजे हुकूम वरून खाली येतो, पण वरच्यांना निवडतो तो रांगेत पासबुक घेऊन उभा असलेला सभासद.

मला ही रचना आवडते. पण ती नाजूक आहे. समजा, एक संचालक थेट कारकुनाकडे गेला आणि म्हणाला, "माझ्या मित्राच्या कर्जाचे काम आजच करा." व्यवस्थापक म्हणतो, "कागद अपुरे आहेत, थांबा." कारकुनाने कोणाचे ऐकावे? फ्रान्समधील खाण-अभियंते आंरी फेयॉल यांनी १९१६ मध्येच लिहून ठेवले, की माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा. संचालकांनी धोरण ठरवावे आणि कारकुनाच्या टेबलापासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारभार बिघडला की काय होते? २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत एकाच बांधकाम उद्योगसमूहाची मोठी कर्जे दडवल्याचे उघड झाले. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला तर खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते! स्वतःचेच पैसे, पण औषधालाही मिळेनात.

हिशेबच लपवले, तर सभासद काय करणार, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. त्यासाठी बाहेरची तपासणी लागतेच. पण वार्षिक सभेत प्रश्न विचारायला तपासनीस येत नाही. पुष्कळ सभासद सभेची सूचना न वाचताच रद्दीत टाकतात. तुमच्या घरी कोणी सहकारी बँकेचे सभासद असतील, तर मागच्या सभेला ते गेले होते का, हे आज विचारून पाहा.