नांदायचा परवाना कुणाच्या खिशात?



'मुलगा परदेशात आहे, लग्न झालं की मुलीला स्पॉन्सर करणार आहे.' महाड-पोलादपूरकडच्या गावांतून स्थळांची बोलणी चालतात तेव्हा हे वाक्य आता कानावर येतं. वीरच्या बैठकीत ते निघालं, तेव्हा बऱ्याच जणींची समजूत अशी दिसली की स्पॉन्सर करणं म्हणजे विमानाचं तिकीट काढणं. खरी गोष्ट त्याहून बरीच मोठी आहे आणि ती लग्नाआधी मुलीला कुणी सांगत नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

स्पॉन्सर म्हणजे एक प्रकारचा जामीनदार. परक्या देशाच्या सरकारला नवरा लिहून देतो की ही माझी बायको, हिची जबाबदारी माझी. त्या सहीवर आणि त्याच्या मिळकतीवर तिला व्हिसा मिळतो. ब्रिटनमध्ये ही मिळकत किती असावी हेही सरकार ठरवतं. २०१२ मध्ये ती वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये नव्या अर्जांसाठी २९,००० पौंड झाली. आखातात नवऱ्याचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर असला तरच त्याला कुटुंब नेता येतं. म्हणजे कोणत्या बाईनं नवऱ्याजवळ राहायचं आणि कोणत्या बाईनं गावी राहून त्याच्या फोनची वाट पाहायची, हे त्याच्या पगाराच्या आकड्यावर ठरतं.

कोकणातल्या बाईला वाट पाहणं नवीन नाही. गिरण्यांच्या काळापासून चाकरमानी मुंबईत आणि बाई इथे भातशेती, गुरं, सासू-सासरे सांभाळत राहिली. १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला, मुंबई जवळ आली. पण समुद्रापलीकडच्या नवऱ्याकडे जायचं तर रेल्वे पुरत नाही, कागद लागतो. हेही जुनंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोकणातले अनेक मुसलमान पुरुष केपटाउनला पोटासाठी गेले. बायका-मुलं गावी राहिली. १४ मार्च १९१३ रोजी तिथल्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात अनेक बायका करायला मुभा आहे त्या धर्माच्या रीतीनं झालेलं लग्न कायद्यानं धरता येणार नाही. मुसलमान काय आणि हिंदू काय, एका फटक्यात सगळ्या बायका परक्या ठरल्या. त्या वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह कितीतरी बायका तुरुंगात गेल्या, तेव्हा १९१४ च्या कायद्यानं ही लग्नं मान्य झाली. मान्यता मिळाली ती मात्र एखाद्याची बायको म्हणूनच.

माझा मुद्दा इथेच आहे. बाईचा राहण्याचा हक्क तिच्या स्वतःच्या नावावर नसतो, तो लग्नाला टांगलेला असतो. अमेरिकेत नवरा एच-१बी व्हिसावर असेल तर बायको एच-४ वर जाते. २०१५ पर्यंत तिला नोकरीच करता येत नव्हती, त्यानंतर काही अटींवर काही जणींना मुभा मिळाली. घटस्फोट झाला की त्या व्हिसाचा आधारच जातो. नवरा तिथला नागरिक असेल आणि लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर १९८६ च्या कायद्यानुसार तिला आधी दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. ते पक्कं करायला एरवी दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. ब्रिटनमध्ये दोन वर्षांची ही परीक्षा २०१२ मध्ये पाच वर्षांची झाली.

आता ही ताकद वाईट माणसाच्या हाती पडली तर काय होतं, ते सल्ला केंद्रात बसणारीला विचारा. 'नीट वाग, नाही तर परत पाठवीन', हे वाक्य मी वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. पासपोर्ट सासूच्या कपाटात. माहेरपणाला म्हणून आणायचं आणि तिचे कागद घेऊन त्यानं एकट्यानं परत जायचं. मारझोड इथेही होते. पण इथली बाई निदान पहाटेची एसटी धरून माहेर गाठते. तिथे उंबरा ओलांडला तर आपण बेकायदा ठरू, या भीतीनं ती घरातच राहते.

खोटी लग्नं लावून लोक देशात शिरतात, म्हणून असे नियम लागतात, असं सरकारं म्हणतात. खोटी लग्नं होतात, हे मी नाकारत नाही. पण ती पकडायची तर अधिकाऱ्यांनी चौकशी करावी. बायकोची किल्ली नवऱ्याच्या हाती देऊन खोटेपणा थांबत नाही, खऱ्या लग्नातली बाई मात्र अडकते. आणि या संशयाचा भार कुणावर पडतो? १९७९ मध्ये लंडनच्या विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य-तपासणी झाली होती.

हे बदलता येतं. तिथल्या बायकांनी लढून बदलून घेतलं आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या छळ सोसणाऱ्या बायकोला स्वतःच्या नावानं अर्ज करता येऊ लागला. ब्रिटनमध्ये साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेनं वर्षानुवर्षं मोहीम चालवली, तेव्हा २०१२ पासून अशा बायकांना काही काळ सरकारी मदत आणि निवारा मिळू लागला.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपलं घरही पाहू. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी बाईला (पुरुषालाही) लग्न नोंदवून दोन वर्षं टिकल्यावर ओसीआय कार्ड मिळू शकतं. पण लग्न मोडलं की ते कार्ड रद्द करता येतं. तत्त्व तेच.

आपल्या केंद्रांनी काय करावं? लग्नाची बोलणी चालू असतानाच मुलीला तीन प्रश्न विचारायला शिकवू या: त्याचा व्हिसा कोणता, माझा कोणता असेल, आणि लग्न मोडलं तर माझं काय? लग्न ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदवावं, दाखला तिच्याजवळ असावा. त्याचा पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा पत्ता यांच्या प्रती माहेरी ठेवाव्यात. अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी नवरा पोसण्याचं हमीपत्र देतो, त्याची जबाबदारी नुसत्या घटस्फोटानं संपत नाही. हे बायकांना माहीतच नसतं.

परत आलेल्या बाईला 'गुन्हा तिकडे घडला, तिकडेच जा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सासरी छळ सोसून माहेरी आलेल्या बाईला माहेरच्या ठिकाणीच तक्रार करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्जही ती राहते तिथे करता येतो. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे.

याहून मोठं काम कायद्याचं आहे. नीरजा सराफ खटल्यात १९९४ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सुचवलं होतं की भारतात झालेलं असं लग्न परदेशी न्यायालयाला एकतर्फी रद्द करता येऊ नये आणि पोटगीचे इथले हुकूम तिकडे अमलात यावेत. २०१९ मध्ये राज्यसभेत नोंदणीचं विधेयक आलं. २०२४ मध्ये विधी आयोगाला पुन्हा सर्वंकष कायद्याची शिफारस करावी लागली, यातच सगळं आलं.

बाईनं बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात असावं असं सांगणारी मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच जाळली गेली. तेच तत्त्व आज व्हिसाच्या अर्जात 'अवलंबित' या नावानं बसलं आहे. तेव्हा आपापल्या केंद्रात अशा किती जणी आल्या, कुठून आल्या, कुठे अडल्या, याची नोंद ठेवा आणि आम्हाला कळवा. नावं नकोत, हकिकत हवी. त्या नोंदींवरूनच पुढच्या मागण्या मांडू.