विकलेलें पान आणि विक्रेत्याची लेखणी

पत्त्यांच्या एका पानासाठीं मासिकाचीं पानें कां खर्चीं घालावीं, असें कोणी सुज्ञ वाचक विचारील. पण आमच्या घरांतील मुलें आतां संगणकाच्या पडद्यावर पानें विकत घेतात, आणि त्यासाठीं लागणारा पैसा वडील मंडळींच्याच खिशांतून जातो. तेव्हां विकलेली वस्तु घेणाराची कीं देणाराची, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

१९९३ सालीं अमेरिकेंत ‘विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनें रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ कागदी पानांच्या रूपानें विक्रीस आणला. त्याचेंच पडद्यावरील रूप म्हणजे ‘अरीना’. सप्टेंबर २०२० मध्यें त्यांत ‘ल्युमिनार्क ॲस्पिरंट’ हें प्राण्याचें पान आलें. (वर्गानें तो माणूस, त्यांतही धर्मोपदेशक, पण या खेळाच्या परिभाषेंत तोही प्राणीच!) दिसावयास पान गरीब : बळ १, जीव १. त्याचा सारा जोर एका वाक्यांत होता. आपल्या दर पाळीस, लढाईच्या आरंभीं, तें आपल्या एका प्राण्याचें बळ व जीव एकेकानें वाढवी, आणि तो प्राणी बहुधा तें स्वतःच असे. दुसऱ्या पाळीस मांडलें तर तिसऱ्या पाळीस तें ३ बळानें चाल करी, चौथ्या पाळीस ४ बळानें. प्रतिपक्ष्यानें वेळींच मारलें नाहीं तर डाव आटोपलाच.

डिसेंबर २०२१ मध्यें ‘अल्केमी’ नामक नवी पद्धत काढतांना कंपनीनें हें वाक्य फिरविलें. ‘लढाईच्या आरंभीं’ गेलें, ‘पाळीच्या अखेरीस’ आलें. फरक दोन शब्दांचा. पण त्यामुळें तिसऱ्या पाळीची चाल ३ ऐवजीं २ बळाची झाली. ज्यांनीं जुन्या ‘हिस्टॉरिक’ पद्धतीसाठीं हें पान मिळविलें होतें, त्यांच्याही हातीं हेंच लंगडें केलेलें पान पडलें. कागदी पान ज्यांच्यापाशीं होतें, त्यांचें एक अक्षरही हाललें नाहीं. तें पुसावयाचें तर कंपनीस घरोघर शाई घेऊन हिंडावें लागलें असतें.

यावर सांगण्यांत येतें कीं, एकच पान सर्वांस भारी होऊं लागलें तर खेळ बिघडतो. मान्य! पण तें इतकें बलिष्ठ करून विकलें कोणी? पानावर सरसकट बंदी घातली असती, तर कंपनीच्या रीतीप्रमाणें मालकास ‘वाइल्डकार्ड’, म्हणजे त्याच प्रतीचें दुसरें कोणतेंही पान घेण्याचा हक्क, मिळाला असता. पान नुसतें बदललें, म्हणून तोही नाहीं. चोरी झाली तर भरपाई, भेसळ झाली तर नाहीं, असा हा न्याय!

मूळ पान ‘स्टँडर्ड’ पद्धतींत चालतच होतें, हा दुसरा बचाव. म्हणजे गाय शेतावर दूध देते, तेव्हां घरच्या गोठ्यांत ती भाकड झाल्याची तक्रार करूं नये!

हें सारें अटळ होतें असेंही नाहीं. ‘ब्लिझर्ड’ कंपनीच्या ‘हार्थस्टोन’ खेळांत सप्टेंबर २०१४ मध्यें ‘लीरॉय जेंकिन्स’ हें पान मांडण्याचा खर्च ४ वरून ५ केला गेला. तेव्हां पान मोडणारास कांहीं दिवस नेहमींच्या ४०० ऐवजीं घडणावळीची पूर्ण १६०० ‘धूळ’ परत मिळत होती. ती धूळ त्याच दुकानांत खपणारी, हें खरें. तथापि बदल आमचा तर तोटाही आमचा, एवढी लाज त्या व्यवहारांत होती. ‘विझार्ड्‌स’नें त्या डिसेंबरांत एवढें तरी करावयास हवें होतें. नाहीं तर पडद्यावर ‘संग्रह’ असें न लिहितां ‘भाड्यानें’ असें लिहावयाचें, म्हणजे पैसे देणाऱ्या बापास आधींच कळलें असतें.